साडेबाराचं विमान

हैदराबाद ते कोल्हापूर हवेतून साडेचारशे किलोमीटरही भरत नाही. विमान सव्वाअकराला हैदराबादहून उठतं आणि साडेबाराच्या आत कोल्हापूरला टेकतं. रस्त्यानं जायचं तर साडेपाचशे किलोमीटर, सोलापूरवरून, अकरा तास. मध्ये चहाला थांबलात तर बारा. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन, कारण माझं पोटच त्यावर चालतं. औषधांच्या थंड पेट्या गावोगाव पाठवणाऱ्या एका कंपनीत मी बसते. कुठली पेटी कधी निघाली तर कधी पोचेल, हे सांगायचं माझं काम. पंधरा वर्षांत माझा अंदाज पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडं चुकलेला नाही. तेव्हा अंतर आणि वेळ या बाबतीत मला कुणी थाप मारायला जाऊ नये. माझ्या सख्ख्या भावानं मारली. तीही मला नाही, माझ्या नावावर सगळ्या गावाला मारली.

आमचं गाव विमानतळाच्या कुंपणाला चिकटून आहे. उतरणारं विमान आमच्या शिवारावरून इतकं खाली येतं की म्हशी वैरण खायच्या थांबतात. हैदराबादचं विमान सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आण्णांना झाला. आण्णा म्हणजे माझे वडील, आकाराम. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यामुळे त्यांच्या डोक्यात प्रत्येक गाव तासांत मोजलेलं होतं. मला हैदराबादला दिली तेव्हा ते आईला म्हणाले होते, "अकरा तास लांब दिली गं पोरगी." विमान सुरू झाल्यावर गावभर सांगत फिरले, "माझी क्रांती आता तासाभरावर हाय." मला फोनवर म्हणायचे, "आता मी कवाबी मरायला मोकळा. माझ्या मातीला तूच पयली पोचतीस बघ." मी चिडायचे आणि ते हसायचे.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी सहाला ते गेले. माझ्या धाकट्या भावाचा, विश्वजितचा, फोन आला. दोघं रडलो. मग मी तिकीट काढलं आणि त्याला परत फोन लावला.

"विश्वा, साडेबाराला उतरते. एकच्या आत दारात येते. तवर उचलू नका."

"बरं."

"माझ्याबिगर उचलायचं न्हाय बघ."

"न्हाय उचलत गं. ये तू."

हे त्याचे शब्द. मी ते अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

विमान वेळेवर सुटलं. मी खिडकीला डोकं लावून बसले होते. उतरताना गावच्या ओढ्याच्या अंगाला धूर दिसला. ऊस तुटून गेला की लोक शेतात पाला पेटवतात, मला तसंच वाटलं. बॅग घेऊन बाहेर आले तर मला न्यायला कुणी नव्हतं. दारासमोर तीन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या आणि एक कार्यकर्ता बाटलीतलं पाणी एका माणसाच्या पायांवर ओतत होता. तो माणूस म्हणजे विजयसिंह साहेब, आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन. विश्वजित तेव्हा त्यांच्या मागं मागं असायचा, कारण दूध संस्थेच्या पॅनेलमध्ये त्याला नाव लावून हवं होतं. पाणी ओतणारा आमच्याच गावचा निघाला. मला बघून त्याची बाटली वाकडी झाली.

"क्रांतीताई? तुमी तर येणार नव्हता म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"विश्वजितच की. माईकवरनं सांगितलं. ताईला जमत न्हाय, थांबू नगा म्हणालीया. आत्ताच माती करून आलो आमी."

साहेबांनी मला हात जोडले. "फार सरळ माणूस होता. मी बोललो दोन शब्द," असं म्हणाले, घड्याळ बघितलं आणि आत गेले. त्यांचं मुंबईचं विमान दीडला होतं. माझं साडेबाराचं. मला थांबले असते तर साहेबांना दोन शब्द बोलता आले नसते, आणि साहेबांच्या दोन शब्दांशिवाय विश्वजितला आमच्या बापाला वाटेला लावायचं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा अंगणात आण्णांना आंघोळ घातलेल्या जागी माती अजून ओली होती. मी तिथंच उभी राहिले. विश्वजित स्मशानातून ओल्या कपड्यांनी आला.

"साहेबांस्नी जायचं हुतं, आक्का. एवढा मोठा माणूस दारात आल्यावर त्यास्नी बसा कसं म्हणायचं? आन् ऊन बी लई हुतं."

"मग माझ्या नावावर का घातलंस?"

"लोकं इचारायला लागली. काय तरी सांगाय पायजेच की."

त्याच्या कानाखाली त्याच वेळी एक वाजवायला हवी होती. वाजवली नाही, हा माझा मूर्खपणा. त्यानं पाय धरले, म्हणाला, "तेरावं हू दे, समद्यांस्नी खरं सांगतो." तिसऱ्या दिवशी रक्षेला आलेल्या बायका माझ्या देखत एकमेकींच्या कानाला लागत होत्या, "शिकली सवरली, पर बापाच्या मातीला न्हाय आली." मी ऐकून घेतलं. तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं. विश्वजित संस्थेत निवडून आला, त्याचे फ्लेक्स चौकात लागले, आणि खरं कुणी कुणाला सांगितलं नाही. लोकांचा राग म्हणे दिवसांनी निवतो. माझा लोणच्यासारखा मुरला.

दोन वर्षांनी विश्वजितला मुलगा झाला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेला मुलगा, त्यामुळे घरदार आनंदानं वेडं झालं होतं. मलाही आनंद झाला, नाही कशाला म्हणू? त्याची बायको, स्नेहल, गुणाची आहे. नऊ वर्षं तिनं काय काय ऐकून घेतलं ते मला ठाऊक आहे. महिन्याभरानं विश्वजितचा फोन आला.

"आक्का, पुढच्या रविवारी बारसं. राजवीर नाव ठेवायचं, साहेबांनी सुचवलंय. तुझं विमानाचं तिकीट काढलंय मी."

"मला कशाला? साहेबांनाच सांग की कानात सांगायला."

"असं काय करतीस? आत्याशिवाय बारसं हुतंय व्हय?"

आत्याशिवाय बारसं होत नाही. लेकीशिवाय बापाची माती होते. मी म्हटलं, येते.

आमच्याकडं पद्धत अशी आहे: बाळाचं नाव आत्या कानात सांगते, बायका तिच्या पाठीत दणादण बुक्क्या घालतात, आणि मग आत्या ते नाव सगळ्यांना मोठ्यानं सांगते. तोवर नाव ठरलेलं असलं तरी कुणी चारचौघांत उच्चारत नाही. म्हणजे त्या दोन-चार मिनिटांत सगळा मांडव आत्याच्या तोंडाकडं बघत असतो. मला त्या मिनिटांची गरज होती. विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत मी एकच वाक्य घोकत होते. विश्वजितला सगळ्यांसमोर काय विचारायचं, ते.

मांडव चांगला पाचशे माणसांचा होता. पुढच्या खुर्च्यांवर फेटे बांधलेली मंडळी, मधोमध विजयसिंह साहेब. बारशाला सूत्रसंचालक असतो हे मी पहिल्यांदाच बघितलं. त्यानं पाळण्याजवळ माईक आणून ठेवला होता, आत्यानं घेतलेलं नाव साहेबांना नीट ऐकू जावं म्हणून. पाळण्याची दोरी चिमणाबाई काकींच्या हातात होती. काकी म्हणजे आण्णांच्या धाकट्या भावाची, कृष्णातकाकांची बायको. आई गेल्यापासून घरातलं सगळं करायला त्याच. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं. स्नेहलनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. गुलाबी, टोपडं घातलेलं, मूठ तोंडात कोंबलेली. बायका माझ्या पाठीमागं हात उगारून तयार बसल्या.

मी माईक जवळ ओढला.

"नाव सांगते. त्याच्या आधी बाळाच्या बापानं एक सांगायचं."

लोक हसले. उखाणा घ्यायला लावते असं वाटलं असणार. विश्वजितही हसत पुढं आला.

"आण्णा गेलं त्या दिवशी मी किती वाजता उतरणार हुते, ते तुला म्हाईत हुतं का न्हाय?"

त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. "आक्का, आता हितं कशाला ते..."

"म्हाईत हुतं का न्हाय?"

"व्हय. साडेबाराला."

"मी थांबू नगा म्हटलंतं?"

साहेब मोबाईलमध्ये बघायला लागले. विश्वजितनं माझ्या मांडीवरच्या पोराकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"न्हाय म्हटलंतं."

हे दोन शब्द कर्ण्यातून गावभर गेले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता हा माणूस उघडा पडला, आता लोक त्याला विचारतील, आता याच्या तोंडावर थुंकतील, असं मला वाटलं. मी मांडवाकडं बघितलं. कुणीही चकित झालेलं नव्हतं. लोक चुळबुळत होते, इतकंच.

चिमणाबाई काकी हळूच माझ्याकडं वाकल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, समजूत काढायलाच आल्या होत्या.

"आगं, ते समद्यास्नी म्हाईतच हाय की. त्याचं एवढं काय धरून बसलीस?"

"काय म्हाईत हाय?"

"तू येणार हुतीस त्ये. सकाळी विश्वानं आमच्या म्होरंच फोन घेतल्याला न्हवं का? पर साहेब घड्याळ बघाय लागलं, मग कोण बोलणार?"

मी कृष्णातकाकांकडं बघितलं. ते पहिल्या रांगेच्या कडेला, गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते.

"काका, तुमाला बी?"

काकांनी टोपी उचलली आणि परत ठेवली. "पोरी, खोटं कशाला बोलू? अग्नी दिला आन् इमान आलं. डोक्यावरनंच गेलं. समद्यांनी वर बघितलं."

"मग?"

"मग काय. परत खाली बघितलं."

दोन वर्षं मी एका माणसाचा सूड मनात धरून बसले होते, आणि माझा हिशोब पहिल्यांदा चुकला होता. दोन-तीनशे माणसं होती ती. माझं विमान डोक्यावरून जाताना बघून मान खाली घालणारी. आणि तिसऱ्या दिवशी यांच्याच बायका 'बापाच्या मातीला न्हाय आली' म्हणून माझ्याच देखत कुजबुजत होत्या, सगळं माहीत असून. मला इतका संताप आला की मांडीवर बाळ नसतं तर मी तो पाळणा उलथा केला असता.

पण बाळ होतं. त्यानं मूठ तोंडातून काढली आणि माझं बोट धरलं. त्या मांडवात विमानाबद्दल काहीच माहीत नसलेलं तेवढं एकच माणूस होतं.

मी माईक बंद केला. बाळाला छातीशी घेतलं, त्याच्या कानाभोवती हाताचा आडोसा केला आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. इतकं हळू की पाठीमागच्या बायकांना कळलंही नाही, बुक्क्या घालायच्या राहून गेल्या. मग उठून बाळ स्नेहलच्या हातात दिलं आणि चप्पल शोधायला लागले.

"आगं, नाव?" काकी म्हणाल्या.

"ठेवलं."

"काय ठेवलं?"

"मला कशाला इचारताय? तुमास्नी समद्यास्नी समदं म्हाईत असतंय की."

सूत्रसंचालक माईक घेऊन माझ्या मागं आला. साहेब अर्धवट उठले. विश्वजित मांडवाच्या दारापर्यंत "आक्का, आक्का" करत आला. मी रिक्षात बसले आणि स्टँडवर गेले. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं, पण त्या विमानतळावर, त्या गावाच्या हद्दीत, मला एक रात्रही काढायची नव्हती. अकरा तास बसनं गेले.

तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी राजवीरच सांगितलं होतं. जे ठरलं होतं तेच. पोराचा काय दोष? पण हे त्यांना कोण सांगणार?

दाखल्यावर त्यांनी राजवीर लावलं. पण चिमणाबाई काकींनी घरात जाहीर केलं, की आत्यानं कानात घातलेलं नाव सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली तर पोराला बाधतं. म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या, आणि संस्थेच्या सभेत तावातावानं बोलणाऱ्या विश्वजितची त्यांच्यापुढं बोलायची छाती झाली नाही. सगळे पोराला नुसतं 'बाळ' म्हणायला लागले. दर आठवड्याला विश्वजितचा फोन यायचा. "आक्का, काय सांगितलंस एवढं बोल." मी म्हणायचे, "आठवत न्हाय." खोटं सांगताना किती बरं वाटतं ते मला चाळिशीत कळलं.

श्रावणात पोराला ताप भरला. तीन दिवस दवाखान्यात होतं. काकींनी सगळं खापर नावावर फोडलं. चौथ्या दिवशी विश्वजितचा फोन आला, आवाज बसलेला.

"आक्का, उद्याच्या विमानानं येतो. पाय धरतो तुझं. तोंडावर शिव्या घाल, पर नाव सांग."

"ये."

"घरात असशील न्हवं?"

"हाय की. ये तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलचा मेसेज आला, "वन्सं, ताप उतरला, दूध प्यायला." तो मेसेज आला नसता तर मी कदाचित घरात थांबले असते, इतकी मी हलकट नाही. पण आला. कोल्हापूरहून ते विमान एकला उठतं, दोन-सव्वादोनला इकडं उतरतं, पुढं तास टॅक्सीनं. म्हणजे सव्वातीन. मी अडीचला घराला कुलूप लावलं, फोन बंद केला आणि समोरच्या बागेत, रस्त्यापलीकडं, कडुनिंबाच्या आडोशाला बाकावर जाऊन बसले.

सव्वातीनला पाच मिनिटं कमी असताना टॅक्सी थांबली. तांबड्या रंगाची पिशवी घेऊन विश्वजित उतरला. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, सोळा वर्षांत तो पहिल्यांदा माझ्या दारात येत होता. त्यानं बेल वाजवली. कुलूप हातात धरून बघितलं. फोन लावला, परत लावला. शेजारच्या बाईंना विचारलं, त्यांनी हात हलवले. मग त्याला कळलं असावं. तो रागावला नाही, दार वाजवलं नाही. चपला काढल्या आणि पायरीवर बसला.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आता कळू दे याला, विमान वेळेवर पोचतं आणि तरी दारात कुणी थांबलेलं नसतं तेव्हा कसं होतं ते.

मग त्यानं मान वर केली. उन्हात कपाळावर आठ्या घालून तो रस्त्याकडं बघत होता, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की दोन वर्षांत त्याचे केस कानापाशी पांढरे झालेत आणि तोंड आण्णांचं झालंय. हुबेहूब आण्णांचं. ज्या तोंडासाठी मी सकाळी सहापासून जीव मुठीत धरून आले होते, जे मला बघायला मिळालं नव्हतं, ते माझ्याच पायरीवर येऊन बसलं होतं आणि माझी वाट बघत होतं.

मी त्याच्याकडं बघत बसले. चार वाजले, पाच वाजले. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत होते आणि बघत होते. मधे रस्ता होता, ओलांडायला फार तर अर्धं मिनिट.

सहाला तो उठला. पिशवी कडीला अडकवली, चपला घातल्या आणि रात्रीची ट्रॅव्हल्स धरायला चालत निघाला. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मी मारली नाही.